आधी पाणी, मग खजूर

कुरआनात एक बाई बाळंतकळा सोसत असताना म्हणते, ‘याच्या आधीच मी मेले असते, माझं नावनिशाणही उरलं नसतं, तर बरं झालं असतं.’ ही हजरत मरियम, ईसा अलैहिस्सलामांची, म्हणजे येशूची, आई. कुरआनात नावानिशी उल्लेख झालेली एकमेव स्त्री तीच आणि एक सबंध सूरह, म्हणजे अध्याय, तिच्या नावानं ओळखली जाते. त्या एकोणिसाव्या सूरहच्या तेविसाव्या आयतीत, म्हणजे वचनात, हा उद्गार आहे. जगातल्या सगळ्या बायकांमधून जिला निवडलं असं कुरआन सांगतं, तीच बाळंत होताना मरण मागते, आणि हे कुठंही झाकलेलं नाही. चौदाशे वर्षं मशिदींतून आणि घराघरांतून ही आयत मोठ्यानं पढली जाते आहे.

तिला मिळालेलं उत्तर मला सगळ्यात मोलाचं वाटतं. तिला कुणी दटावत नाही. ‘तोबा कर’ म्हणत नाही, ‘तुझ्यापेक्षा दुःखी बायका जगात आहेत’ असं ऐकवत नाही. हाक येते ती अशी, की खंत करू नकोस, तुझ्या पायाशी तुझ्या रबनं झरा वाहता केला आहे. खजुराचं खोड आपल्याकडे हलव, ताजे पिकलेले खजूर पडतील. खा, पी, डोळे निववून घे. आणि कुणी माणूस दिसलंच तर सांग, की मी आज कुणाशीही न बोलण्याचा रोजा मानला आहे. आधी पाणी, मग खजूर, आणि मग लोकांच्या प्रश्नांपासून सुटका. पोटभर खाणं, विसावा आणि चौकशांपासून संरक्षण एवढं तिला आधी मिळतं. बाळाला घेऊन ती आपल्या लोकांसमोर जाते ते त्यानंतर.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या आमच्या गावात लहानपणी मदरशात ही सूरह मी पढले, पुढे कितीदा तरी ऐकली. पण तिच्यातल्या या चार आयती माझ्या आयुष्यात खऱ्या अर्थानं आल्या त्या माझ्या धाकट्या बहिणीच्या पहिल्या बाळंतपणात. त्याबद्दल लिहू का, असं मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, ‘आपा, माझं नाव नको. बाकी सगळं लिही.’

बहीण बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचा नवरा कुवेतला. आमच्या कोकणी मुसलमान घरांत हे नेहमीचंच आहे. बाप बाळाला पहिल्यांदा पाहतो तो फोनच्या पडद्यावर. मुलगी झाली, अजान दिली, खजूर चावून तिच्या टाळूला लावला, सातव्या दिवशी जावळ काढून अकीका, म्हणजे बाळाच्या नावानं कुर्बानी, केला. घरात माणसं मावत नव्हती. बहिणीचंही सगळं व्यवस्थित चाललं होतं. बाजेखाली शेगडी, अळिवाची खीर, मेथीचे लाडू, अंगाला तेल. अम्मीनं कशात काही कमी पडू दिलं नाही.

पण बाळ झोपलं तरी बहीण जागीच असायची. दूध पाजताना बाळाकडे बघायची नाही, खिडकीबाहेर बघत बसायची. ताटातली भाकरी कोरडी पडायची. आणि अजान झाली की रडायला लागायची. आधी आम्हांला वाटलं हा योगायोग असेल. पण मगरिबची, संध्याकाळची, अजान झाली की हटकून डोळे भरायचे. एकदा मी जवळ बसून विचारलं, तेव्हा म्हणाली, ‘मला नमाज नाही, रोजा नाही, कुरआनाला हात लावायचा नाही. सगळे उठून नमाजला जातात आणि मी इथं पडलेली. अल्लाहनं मला बाहेर काढलंय. मी तशीच आहे म्हणून.’

बोलणारे पुष्कळ होते. कुणी म्हणालं नजर लागली. कुणी म्हणालं, ओल्या अंगानं संध्याकाळी अंगणात गेली असेल, काहीतरी धरलं असेल. लांबच्या एका खालानं दुआ पढून फुंकर घातलेलं, दम केलेलं पाणी पाठवलं. शेजारणीनं कानात सांगितलं, ‘ज्यांची कूस उजवत नाही त्यांना विचार, अल्लाहचं शुक्र कर.’ आणि येणारी प्रत्येक जण जाताना म्हणायची, ‘सब्र कर,’ म्हणजे धीर धर. यातल्या कुणाच्या मनात वाईट नव्हतं. दम केलेल्या पाण्यातही माया असतेच, ते पाणी आणणारी बाई उन्हातून चालत आलेली असते. पण बहिणीपर्यंत या सगळ्याचा एकच अर्थ पोचत होता, की तू नाशुक्री, कृतघ्न आहेस, तुझं ईमान, तुझी श्रद्धा कमजोर आहे. तिचं आजारी मन तिला रात्रभर जे सांगत होतं, तेच दिवसा माणसं सांगत होती.

बाळंतपणानंतर पहिल्या आठवड्यात रडू येणं, जीव घाबरणं पुष्कळ जणींना होतं आणि साधारण दोन आठवड्यांत ते ओसरतं. ते ओसरलं नाही, झोप-भूक गेली, बाळाबद्दल काही वाटेनासं झालं, जगणं नको वाटू लागलं, तर तो आजार आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगभरात बाळंतीण झालेल्या सुमारे १३ टक्के स्त्रियांना असा मानसिक त्रास होतो, आणि विकसनशील देशांत हे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास जातं. आपल्या शेजारच्या गोव्यात झालेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी पाहिलेल्या मातांपैकी २३ टक्के नैराश्यात सापडल्या. गरिबी आणि नवऱ्याशी बिघडलेले संबंध ही मोठी कारणं होती, आणि मूल मुलगा की मुलगी यावरही बरंच ठरत होतं. म्हणजे गल्लीत पाच बाळंतिणी असतील तर त्यांतली एक यातून जात असणार. तिच्या घरी आशाताई येते, पहिल्या बेचाळीस दिवसांत सहा वेळा येते, बाळाचं वजन करते, ताप बघते, दूध पितंय का विचारते. आईच्या मनाची विचारपूस मात्र बहुतेक घरांत कुणीच करत नाही.

बहिणीची विचारपूस करणारी बाई आम्हांला मुंबईत भेटली. मानसशास्त्र शिकलेली समुपदेशक, आणि त्याआधी मुलींच्या मदरशात आलिमाचा, म्हणजे धर्मशास्त्राचा, अभ्यास पुरा केलेली. माझ्या नणंदेच्या ओळखीनं नंबर मिळाला. पहिल्यांदा फोनवर, मग बहिणीला घेऊन आम्ही प्रत्यक्ष गेलो. मला वाटलं होतं, ती आधी एखादी आयत सांगेल, वजीफा, म्हणजे जपायला एखादी दुआ, देईल. तिनं विचारलं, ‘रात्री सलग किती वेळ झोप मिळते? बाळ उठलं की कोण उठतं? शेवटचं पोटभर कधी जेवलात?’ मग एक दहा प्रश्नांचा कागद पुढं केला. ही एडिनबरा प्रश्नावली, १९८७ साली आलेली, आज जगभर बाळंतिणींसाठी वापरतात. तिच्यात मागच्या सात दिवसांतलं विचारतात, आणि दहावा प्रश्न असतो स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तो प्रश्न तिनं वाचून दाखवला तेव्हा अम्मी खोलीत होती. समुपदेशकबाईंनी अम्मीला अगदी अदबीनं बाहेर बसायला सांगितलं. हेही विचारलं, की घरात कुणी हात उचलतं का, टोचून बोलतं का. त्यांनी मला नंतर सांगितलं, की हा प्रश्न विचारल्याशिवाय सब्राबद्दल एक अक्षर बोलायचं नाही, हा त्यांचा नियम आहे. मार खाणाऱ्या बाईला सब्र शिकवणं त्यांना जुलमात सामील होण्यासारखं वाटतं. धर्माच्या नावानं सल्ला देणाऱ्या प्रत्येकानं हा नियम पाळावा असं मला मनापासून वाटतं.

आणि त्याच दिवशी त्यांनी मानसोपचारतज्ज्ञाकडे चिठ्ठी लिहून दिली. बहीण बिचकली. ‘गोळ्या घेतल्या म्हणजे माझा अल्लाहवर भरवसा नाही असं होत नाही का?’ त्यांनी उंटाची हदीस सांगितली. हदीस म्हणजे नबींच्या, पैगंबर मुहम्मदांच्या, उक्ती-कृतींची नोंद. एका माणसानं विचारलं होतं, उंट मोकळा सोडून भरवसा ठेवू की बांधून ठेवू? नबींनी सांगितलं, आधी बांध, मग भरवसा ठेव. औषध घ्या, कारण अल्लाहनं आजार दिला तसा त्यावरचा इलाजही उतरवला, हेही नबींचंच सांगणं. डॉक्टरांनी दुधाचा विचार करूनच गोळी निवडली. सर्ट्रालीनसारख्या गोळीचा फार थोडा अंश दुधात उतरतो, त्यामुळे पाजणाऱ्या आईसाठी डॉक्टर ती बऱ्याचदा पसंत करतात. पण ही माहिती डॉक्टरांनी देऊनही बहिणीनं गोळी तोंडात टाकली ती उंटाच्या हदीसनंतर. दोन्ही लागलं. एकानं भागलं नसतं.

अजानीचं रडू त्यांनी हळूहळू सोडवलं. बाळंतिणीच्या रक्तस्रावाच्या काळाला आपल्याकडे निफास म्हणतात. त्या काळात नमाज माफ आहे, आणि राहिलेल्या नमाजा नंतरही फेडाव्या लागत नाहीत. रमजानचे रोजे राहिले तर ते मात्र पुढे धरायचे. हनफी मसलकात, म्हणजे धर्मशास्त्राच्या पंथात, ही मुदत जास्तीत जास्त चाळीस दिवसांची. आम्ही कोकणी मुसलमान शाफई, आमच्याकडे जास्तीत जास्त साठ. रक्त आधीच थांबलं तर गुसल, म्हणजे अंघोळ, करून लगेच नमाज सुरू करता येते, चाळिसाव्या दिवसाची वाट बघत बसायचं कारण नाही. हे सगळं बहिणीला माहीत होतं, मदरशात शिकलेलीच होती. तिला ठाऊक नव्हतं ते हे, की त्या काळातही जिक्र (अल्लाहचं स्मरण), दुआ, दरूद (नबींसाठीची दुआ) यांना मनाई नाही, कुरआन ऐकायला मनाई नाही. आणि नमाज माफ करणारा तोच आहे ज्यानं ती फर्ज केली. ‘तुम्हांला बाहेर काढलेलं नाही,’ त्या म्हणाल्या, ‘तुम्हांला रजा दिलीय. रजेवरच्या माणसाचं नाव हजेरीपटावरून काढतात का?’

मग त्यांनी बुखारी या हदीससंग्रहातली एक हदीस सांगितली. नबी म्हणतात, मी नमाज लांबवायच्या इराद्यानं उभा राहतो, आणि मूल रडल्याचा आवाज आला की ती आटोपती घेतो, कारण त्या आईचा जीव किती कासावीस होत असेल ते मला ठाऊक आहे. पुढे नमाजींची जमात उभी, आणि पाठीमागे कुठल्याशा ओळीत एका बाईचं मूल रडतंय, म्हणून सगळी नमाज आखूड होते. बहीण हे ऐकून खूप रडली. पण अजान ऐकून यायचं तसलं ते रडू नव्हतं, हे मला बाजूला बसूनही कळलं.

सब्राबद्दलही त्या असंच बोलल्या. मला स्वतःला हे फार आवडलं म्हणून लिहिते. कुरआनात ‘सब्र-ए-जमील’ची, सुंदर सब्राची गोष्ट करतात ते हजरत याकूब, मुलगा हरवलेला बाप. आणि तेच याकूब यूसुफच्या आठवणीनं इतके झुरतात की डोळे पांढरे होऊन दृष्टी जाते. घरचे म्हणतात, किती आठवण काढाल, अशानं जीव जाईल तुमचा. ते म्हणतात, माझं दुःख आणि माझी तक्रार मी अल्लाहकडे करतो आहे. सब्र म्हणजे तोंड बंद ठेवणं असतं, तर सब्राचा हा माणूस असा बोलला नसता आणि असा रडला नसता. नबी स्वतः दुआ मागायचे की चिंतेपासून आणि दुःखापासून मला तुझा आसरा दे. पैगंबरांनी ज्यापासून आसरा मागितला, ते वाट्याला आलं म्हणून एखाद्या बाईचं ईमान तपासायला कोण निघालं आहे?

आता त्या गोष्टीकडे येते, जी लिहायला बहिणीनं मला खास सांगितलं.

आमच्या मागच्या अंगणात विहीर आहे. जुनी, चिऱ्याची, कठडा गुडघ्याच्या वर. बहीण बाळाला घेऊन त्या बाजूला जाईनाशी झाली. कपडे वाळत घालायलासुद्धा नाही. आम्हांला वाटलं अंगात ताकद नाही. खरं असं होतं, की विहीर दिसली की तिच्या मनात एक चित्र यायचं. बाळ हातातून सुटतंय, किंवा आपणच ते टाकतोय. एका क्षणाचं चित्र, आणि मग तासन्‌तास थरथर. असला विचार ज्या आईच्या मनात येतो ती आई कसली, ती तर हैवान, असं तिनं ठरवून टाकलं होतं. पाण्यानं हात धुतच राहायची, वुजूसारखं, पण नमाज नसतानाही. चौथ्या-पाचव्या भेटीत कधीतरी हे बाहेर पडलं, आणि तेही अशा प्रश्नातून, की ‘असा विचार मनात आला तर तो गुनाह लिहिला जातो का?’

वैद्यकशास्त्राला हे चांगलं माहीत आहे. नको असताना घुसणारे, बाळाला इजा होईल असे विचार नव्या आयांना पुष्कळ येतात. ज्या आईला ते भयानक वाटतात, जी त्यांच्यापासून पळते, तिच्या हातून बाळाला इजा होण्याची भीती सहसा नसते. तिचा धसकाच सांगतो की ते तिला नको आहे. पण डॉक्टरांनी ‘हे कॉमन आहे’ म्हणून सांगणं बहिणीपर्यंत पोचत नव्हतं. तिचा प्रश्न आखिरतचा, मेल्यानंतरच्या हिशेबाचा, होता. तिला जवाब तिथलाच हवा होता.

समुपदेशकबाईंनी दोन हदीस सांगितल्या. एक, नबी म्हणतात, की अल्लाहनं माझ्या उम्मतला, माझ्या अनुयायांना, मनात येणारे वसवसे, म्हणजे नको ते विचार, माफ केले आहेत, जोवर ती तसं वागत नाही किंवा तसं बोलत नाही. दुसरी मुस्लिम शरीफ या हदीससंग्रहातली. काही सहाबी, म्हणजे नबींचे सोबती, त्यांच्याकडे आले आणि म्हणाले, आमच्या मनात असं काही येतं की ते तोंडानं उच्चारणंही आम्हांला भयंकर वाटतं. नबींनी विचारलं, खरंच तसं वाटतं? ते हो म्हणाले. नबी म्हणाले, हेच तर उघड ईमान आहे. सहाबींची ती भीती, तो तिटकारा, हीच ईमानाची खूण ठरली.

बहिणीची शंका लगेच आली, कारण ती माझ्यापेक्षा हुशार आहे. ‘पहिल्या हदीसमध्ये तर बोलायचं नाही असं आहे. मी आत्ता तुम्हांला बोलले.’ त्यावर त्या म्हणाल्या, ‘सहाबी नबींकडे गेले तेव्हा त्यांनीही बोलून दाखवलंच की, मनात असं येतं म्हणून. इलाज शोधणाऱ्यानं दुखणं सांगावंच लागतं. वाईट करायचं म्हणून बोलणं वेगळं, मदत मागायला बोलणं वेगळं.’ मला वाटतं, माझी बहीण त्या दुपारी सुटली. बरं व्हायला पुढे बरेच महिने लागले, गोळ्याही चालू राहिल्या. पण ‘मी हैवान आहे’ हे वाक्य त्या दिवसानंतर तिच्या तोंडून ऐकल्याचं मला आठवत नाही.

एवढ्यासाठीच मला दीनचं आणि मनाचं दोन्ही शिकलेली माणसं हवी वाटतात. बहिणीचं नैराश्य दीनच्या भाषेत बोलत होतं. नाशुक्री, गुनाह, वसवसा, अल्लाहची नाराजी. त्या भाषेला टाळून, तिला बाजूला सारून, नुसतं ‘पॉझिटिव्ह विचार करा’ म्हणणारा समुपदेशक तिच्या दारापर्यंतही आला नसता. आणि नुसता वजीफा देणाऱ्या माणसाला दहावा प्रश्न विचारायचं सुचलं नसतं.

दुधाचंही असंच झालं. दूध कमी पडत होतं, डॉक्टरांनी वरचं दूध द्यायला सांगितलं, तर घरात कुणीतरी ‘कुरआनात दोन वर्षं पाजायचा हुकूम आहे’ म्हणून सुनावलं. सूरह बकरहची ती आयत, दोनशे तेहतिसावी, पुरी वाचली तर तिच्यात काय काय आहे! दोन वर्षं ज्यांना मुदत पुरी करायची त्यांच्यासाठी. बाळंतिणीच्या अन्नवस्त्राची जबाबदारी बापावर. आईला तिच्या मुलापायी त्रास दिला जाऊ नये. आईबापांनी आपसांत सल्लामसलत करून आधी दूध तोडलं तर दोष नाही, दुसरीकडून पाजवून घेतलं तरी दोष नाही. अर्धी आयत पाठ असलेली माणसं बाळंतिणीच्या खोलीत फार येतात. कुवेतच्या भावोजींना ही आयत समुपदेशकबाईंनी फोनवर पुरी वाचून दाखवली. सल्लामसलतीत बापही आहे, हे त्यांना तेव्हा कळलं, आणि त्यानंतर ते रोज रात्री फोन करून बाळाचं सोडून आधी बायकोला जेवलीस का विचारू लागले.

हा विचार नवाही नाही. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला अबू जैद अल-बल्खी नावाचा विद्वान होऊन गेला, ९३४ मध्ये वारला. शरीर आणि मन दोन्हींच्या निगेवर त्यानं एक ग्रंथ लिहिला. त्यात तो दुःखाचे दोन प्रकार वेगळे करतो. एक, ज्याचं कारण माणसाला सांगता येतं, कुणी गेलं, काही हरवलं. दुसरं, ज्याचं कारणच सापडत नाही, जे शरीरातून उठतं आणि माणसाला कशातच गोडी वाटू देत नाही. दुसऱ्यावर शरीराचे उपचार करा आणि मनाशीही बोला, असं तो सांगतो. हजार वर्षांपूर्वीच्या मुसलमान आलिमाला जे दिसलं, ते आज आमच्या मोहल्ल्यात ‘काही कारण नसताना रडते’ म्हणून बाईला ऐकवणाऱ्यांना दिसू नये, याचं मला वाईट वाटतं.

जिन्न आणि आसेबाबद्दल, म्हणजे भूतबाधेबद्दल, मी जपून लिहिते, कारण जिन्नांवर माझंही ईमान आहे. पण बाळंतपणानंतर पहिल्या काही आठवड्यांत बाईला नसलेले आवाज ऐकू येऊ लागले, ती दिवसरात्र झोपेना, असंबद्ध बोलू लागली, बाळ आपलं नाहीच किंवा बाळात कुणीतरी शिरलंय असं म्हणू लागली, तर तो तातडीचा आजार आहे. हजार बाळंतिणींत एक-दोघींना होतो. त्यात आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका असतो आणि एक रात्रही वाया घालवायची नसते. तिला झाडफूक करणाऱ्या आमिलाकडे नव्हे, दवाखान्यात न्यायचं. वेडाच्या भरातल्या माणसावरून हिशेबाची कलम उचललेली असते असं हदीस सांगते, म्हणजे शरीयतनंही त्याला आजारी मानलं आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीत दर्ग्याजवळच्या एका आसऱ्याला आग लागली. साखळदंडानं बांधून ठेवलेली २८ माणसं जळून गेली. त्यांना तिथं आणणाऱ्या घरच्यांचाही भरवसा दुआवरच होता.

आणि दुसरी वाटही याच देशात आहे. गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात उनावाला मीरा दातारचा दर्गा आहे. तिथं ‘दवा आणि दुआ’ नावाचा उपक्रम चालू झाला. दर्ग्याची सेवा पाहणाऱ्या मुजावरांना मनाच्या आजारांची ओळख करून दिली. दर्ग्यावर आलेल्या माणसाला ते दुआही देतात आणि तिथल्याच मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतातही. आपल्या श्रद्धेचा कुणी पाणउतारा केला नाही, म्हणून माणसं औषधापर्यंत जातात.

पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत झालेला प्रयोगही मला असाच जवळचा वाटतो, जरी तो धार्मिक समुपदेशनाचा नव्हता. गावातल्याच लेडी हेल्थ वर्कर बायकांना शिकवून त्यांनी नैराश्यातल्या गर्भवतींशी आणि नव्या आयांशी घरी जाऊन बोलायचं. २००८ मध्ये निष्कर्ष छापून आले. सहा महिन्यांनी, अशी सोबत मिळालेल्या आयांपैकी २३ टक्के नैराश्यात होत्या, न मिळालेल्यांपैकी ५३ टक्के. पुढे जागतिक आरोग्य संघटनेनं ही पद्धत स्वीकारली, आणि गोव्यातही शेजारपाजारच्या साध्या बायकांना शिकवून ती वापरून पाहिली गेली. डॉक्टर नसलेली, पण आपल्यातली, आपल्यासारखं बोलणारी बाई एवढं करू शकते. आमच्या गावातल्या मुलींच्या मदरशातून दरवर्षी आलिमा होऊन बाहेर पडणाऱ्या पोरी बघते तेव्हा मला हेच मनात येतं. या पोरींना तो दहा प्रश्नांचा कागद वाचायला शिकवा. कुठं थांबून डॉक्टरकडे पाठवायचं ते शिकवा. मौलवीसाहेबांनी वर्षातून एका जुम्याला, शुक्रवारच्या नमाजेच्या खुतब्यात (प्रवचनात), सूरह मरियमच्या त्या चार आयती घ्याव्यात, म्हणजे पुरुषांच्याही कानावर पडतील. जमातीच्या फळ्यावर जनाज्याच्या आणि निकाहाच्या सूचनांशेजारी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहावा. २०२२ पासून सरकारची ही सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. याला फार पैसा लागत नाही.

बहिणीला दुसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा तिनं स्वतः ठरवून तयारी केली. मानसोपचारतज्ज्ञांना तिसऱ्या महिन्यातच भेटून आली, गोळीचं काय करायचं ते विचारून आली. भावोजींनी रजा बाळंतपणाच्या तारखेला न जोडता त्यानंतरच्या आठवड्यांत घेतली, कारण खरी गरज तेव्हा असते. रात्रीच्या पाळ्या ठरल्या. अकीका सातव्या दिवशीच हवा असा काही आग्रह ठेवला नाही. शाफई मसलकात त्याला मुभा आहे, आम्ही तो दोन महिन्यांनी केला. आणि बाळंतपणाच्या आधी एका संध्याकाळी तिनं अम्मीला आणि मला समोर बसवलं, भावोजींना फोनवर घेतलं आणि सांगितलं, ‘मी परत विहिरीचं बोलायला लागले तर कुणी घाबरायचं नाही आणि कुणी रागवायचं नाही. आधी मला जेवायला घाला, मग डॉक्टरांना फोन करा, आणि मग बसून दुआ करा. याच क्रमानं.’ अम्मीनं तो क्रम फ्रिजवर लिहून लावला.